जत्रेत मांडले पुस्तकांचे दुकान

दुकान चालवणे निराळे आणि दुकान मांडणे निराळे, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळले. आमच्या यांना ते साठी उलटल्यावर कळले, आणि तेही एका कासारीण मावशींनी चारचौघांत कान उपटल्यावर!

अहमदपुरात आमचे वह्या-पुस्तकांचे लहानसे दुकान आहे. पाठ्यपुस्तके, गाइडे, कंपासपेट्या, चित्रकलेचे कागद असा सगळा माल. जून-जुलैत पाय ठेवायला जागा नसते, एरवी माशा मारीत बसायचे. दुकानाच्या मागल्या भिंतीला मात्र एक काचेचे कपाट आहे. त्यात कथा-कादंबऱ्या, चरित्रे, कवितासंग्रह. हे कपाट म्हणजे यांचा जीव की प्राण. रोज सकाळी फडक्याने काच पुसायची, कुलूप ओढून पाहायचे आणि मगच गल्ल्यावर बसायचे, असा यांचा तीस वर्षांचा नेम. "या कपाटाने आपल्याला काय दिले?" असे कोणी विचारले तर "धूळ दिली," असे मी थट्टेने म्हणत असे.

पण २०२० च्या मार्चात शाळा बंद झाल्या आणि थट्टा संपली. पुढची दोन वर्षे कशी गेली ते ज्यांची दुकाने शाळेवर चालतात त्यांनाच ठाऊक. पुण्याहून मुलगा फोनवर सांगू लागला, "आई, बाबांना समजाव. ते कपाट काढा, तिथे मोबाइलची कव्हरे आणि चार्जर ठेवा. नाहीतर सरळ दुकान विका आणि इकडे या." त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. त्याचेही घराचे हप्ते होते, आणि तरी तो महिन्याला आम्हाला पैसे पाठवीत होता. यांना ते पैसे घेताना होणारा संकोच मला दिसत होता.

अशात बातमी आली की ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला भरणार. तारखा २२, २३ आणि २४ एप्रिल २०२२. अध्यक्ष कथाकार भारत सासणे. जागा महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालयाचा परिसर. उदगीर म्हणजे आम्हाला शेजारच! शिरूर ताजबंदवरून गेले की झाले. हे त्या दिवशी जेवता जेवता एकदम म्हणाले, "आपण ग्रंथप्रदर्शनात गाळा घ्यायचा."

मी म्हटले, "आणि पैसे?"

"माझी ठेव मोडतो."

शेवटी बापलेकांत फोनवर करार झाला. तीन दिवसांत खर्च निघून चार पैसे उरले तर कपाट राहील. नाही निघाले तर कपाट जाईल, आणि पुढल्या वर्षी दुकानही. मी मध्यस्थ.

साहित्य संमेलन ही काही नवी गोष्ट नव्हे. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने ११ मे १८७८ रोजी पुण्यात ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. त्याचे अध्यक्ष खुद्द रानडे होते. १८८५ साली दुसरे भरले, आणि त्याचे निमंत्रण महात्मा फुल्यांनी पत्र लिहून नाकारले. म्हणजे संमेलन तितके जुने आणि त्यावरचा वादही तितकाच जुना! उदगीरलाही त्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलन भरले होतेच. आमच्या मराठवाड्यात अंबाजोगाईला १९८३ साली आणि नांदेडला १९८५ साली संमेलन झाले होते. नांदेडचे यांनी पाहिलेले. कॉलेजच्या पोराने उपाशीपोटी तीन दिवस मंडपात काढले आणि येताना खांद्यावरून पुस्तकांचा गठ्ठा आणला, ही गोष्ट मी लग्नापासून ऐकत आले आहे. पण तेव्हा हे गाळ्याच्या बाहेर उभे होते. आता आत उभे राहायचे होते.

तयारीला लागलो. प्रकाशकांना फोन केले. काहींनी 'विकतील ती ठेवा, उरतील ती परत पाठवा' या बोलीवर पुस्तके दिली, काहींनी रोख मागितली. पुस्तकाचे वजन किती असते ते वाचणाऱ्याला कळत नाही, उचलणाऱ्याला कळते. म्हणून किराणा दुकानातून बिस्किटांची लहान खोकी आणली. एकेका खोक्यात वीस-पंचवीसच पुस्तके भरली आणि वर यादी चिकटवली. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ही एक सोय. प्लास्टिकच्या पिशव्यांना महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी, म्हणून सुतळीचे बंडल आणि जुनी वर्तमानपत्रे घेतली. पूर्वी पुस्तके अशीच बांधून देत.

हे सारे चालले असताना आमच्या गल्लीतल्या कासारीण मावशी दारात येऊन बसल्या. नांदेडच्या रस्त्याला माळेगाव आहे. तिथली खंडोबाची जत्रा आमच्या भागात कोणाला ठाऊक नाही? मार्गशीर्षातली अमावास्या, म्हणजे आमच्याकडची येळवस, जवळ आली की माळेगाव गजबजते. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार, तमाशाचे फड, घोंगड्या, भांडी, आणि बांगड्यांची दुकाने. त्या जत्रेत मावशींनी चाळीस वर्षे दुकान मांडले आहे.

"पुस्तकं इकाय जालालाव म्हणं उदगीरला?" मावशी म्हणाल्या. "मांडायचं कुणी शिकिवलं तुमाला?"

हे हसले. पण मावशींनी बोटे मोडून चार गोष्टी सांगितल्याच.

एक, आदल्या दिवशी जाऊन ऊन कुठून येते ते बघायचे. बायामाणसे सावली सोडून उन्हात उभी राहून माल बघत नाहीत. दोन, सुटे पैसे पोतडीभर न्यायचे आणि भवानीचे गिऱ्हाईक रिकामे जाऊ द्यायचे नाही. तीन, स्वस्ताचा माल पुढे आणि खाली, लेकराच्या हाताला येईल असा. महागाचा मागे, पण दिसेल असा. आणि चौथी गोष्ट सांगताना त्यांनी माझा हातच धरला. "हात लावू द्यायचा, बाई. बांगडी हातात चढल्याबिगर कुणी घेत न्हाई."

"मावशी," हे म्हणाले, "पुस्तके म्हणजे बांगड्या नव्हेत. मळतात."

"बांगड्या तर फुटत्यात की," मावशी म्हणाल्या आणि उठून गेल्या.

पहिल्या तीन गोष्टी आम्ही ऐकल्या. चौथी ऐकली नाही.

२१ तारखेला टेम्पोने उदगीर गाठले आणि नणंदेच्या घरी मुक्काम टाकला. गाळा म्हणजे तीन बाजूंनी कापड, वर छप्पर, एक टेबल आणि दोन खुर्च्या. आम्ही बरोबर आणखी दोन घडीची टेबले, विटा आणि फळ्या नेल्या होत्या. विटांवर फळ्या टाकून मागे पायऱ्या केल्या, म्हणजे मागची पुस्तकेही दिसतात. पांढरी चादर धुळीने तासात मळते, म्हणून गडद निळे कापड अंथरले. एप्रिलात आमच्याकडे वळवाचा पाऊस सांगून येत नाही, म्हणून ताडपत्री जवळ ठेवली. मांडणी यांनी एकट्याने केली. पुढे तिन्ही टेबले आडवी लावली, त्यांवर जाडजूड ग्रंथांचे छातीइतके ढीग रचले, आणि मधोमध सुंदर अक्षरात पाटी लावली, 'कृपया पुस्तकांना विनाकारण हात लावू नये.'

दुसऱ्या दिवशी ग्रंथदिंडी निघाली, शरद पवारांच्या हस्ते उद्‌घाटन झाले, आणि माणसांचा लोंढा प्रदर्शनाकडे वळला. एसटीचा संप २०२१ च्या दिवाळीपासून रेंगाळलेला. उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांना कामावर परतायला दिलेली मुदत नेमकी २२ एप्रिलला संपत होती. त्यामुळे माणसे जीपगाड्यांत कोंबून, मोटारसायकलींवर तिघे तिघे बसून येत होती. पण येत होती! आमच्या गाळ्यासमोरून दिवसभर माणसांची रांग सरकत होती. थबकत, ढिगांकडे बघत, पाटी वाचत आणि पुढे जात. ढिगाच्या पलीकडे हे हाताची घडी घालून उभे.

रात्री हिशेब केला. चौतीस पुस्तके. यांनी ताट बाजूला सारले. "लोक वाचत नाहीत," एवढेच बोलले. मुलाला फोन करायचा होता तो केला नाही. त्यानेच केला, आणि सुदैवाने नातीने तो हिसकावून घेतला.

नात पंधरा वर्षांची. जपानी चित्रकथांचे तिला भारी वेड. तशा चाहत्यांचे मेळे परदेशात भरतात, हे तिच्यामुळेच मला ठाऊक. अमेरिकेत सॅन डिएगोला १९७० साली शे-तीनशे माणसांत सुरू झालेला मेळा आता जगभर नावाजला आहे. आपल्याकडे दिल्लीत २०११ साली असा पहिला मेळा भरला. नात मुंबईच्या मेळ्याला मैत्रिणींबरोबर जाऊन आली होती. तिने मला त्या रात्री तोक्योच्या 'कॉमिकेत'ची गोष्ट सांगितली. १९७५ च्या डिसेंबरात तो पहिल्यांदा भरला तेव्हा चाहत्यांच्या बत्तीस मंडळांनी आपापली टेबले मांडली आणि सातशेच्या आसपास माणसे आली. स्वतः काढलेल्या, स्वतः छापलेल्या पुस्तिका तिथे विकतात. "आजी, तिथे गिऱ्हाईक असा शब्दच नाही," ती म्हणाली. "टेबलाच्या आतला आणि बाहेरचा, दोघेही सहभागी. सगळे चाहतेच. मग आजोबा बाहेरच्यांना का घाबरतात?"

मी यांना ते सांगितले. हे कूस बदलून झोपले.

२३ तारखेला सकाळी मावशी जीपने हजर! त्या आमच्याकडे आल्या नाहीत. समोरच्या बाजूला अर्धा तास नुसत्या उभ्या राहून आमचा गाळा बघत राहिल्या. मग पदर खोचून आल्या.

"तुमी पुस्तकाची भित्ताड बांधलाव आन् तिच्यामागं फौजदारावानी हुबारलाव. माणूस येईल कसा?"

आजूबाजूचे गाळेवाले हसू लागले. हे लालबुंद झाले. पण मावशी ऐकतात कुठल्या? त्यांनी पहिल्यांदा ती पाटी काढून माझ्या पिशवीत टाकली. मग तिन्ही टेबले आडवी होती ती दोन बाजूंना उभी लावायला लावली, म्हणजे मधे वाट झाली आणि माणसाला आत शिरता येऊ लागले. ढीग मोडून पाच-पाच पुस्तकांचे केले. उंच ढिगातले पुस्तक कोणी ओढत नाही, ढासळेल म्हणून भितो. पुस्तके कण्याने न लावता मुखपृष्ठे वर ठेवली. पुढे खाली सतरंजी अंथरून मुलांची पुस्तके पसरली. यांना कोपऱ्यात बिलबुक देऊन बसवले आणि मला वाटेच्या बाहेर उभे केले. "तू गिऱ्हाइकावानी बघत ऱ्हा. एक बघलालं की दुसरं येतंय."

माझीही एक अक्कल मी चालवली. जाड पेनाने चिठ्ठ्या लिहून लावल्या. 'शंभर रुपयांच्या आत', 'आजी-आजोबांनी नातवंडांना वाचून दाखवावे असे', 'आपल्या लातूर-नांदेडकडचे लेखक'. शेवटच्या चिठ्ठीखाली लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' ठेवले. १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले हे पुस्तक आमच्याच लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या माणसाचे आहे, हे किती जणांना नवे होते! "आपल्या धनेगावचा?" असे म्हणत माणूस पुस्तक उचलायचाच.

तासाभरात सतरंजीवर पाच-सहा लेकरे बसली. लेकरे बसली म्हणजे आया थांबल्या, आया थांबल्या म्हणजे बापांना थांबणे भाग पडले. गर्दीत फोनला रेंज मिळेना, तेव्हा क्यूआर कोडच्या दोन्ही पाट्या शोभेच्या झाल्या आणि बँकेतून आणलेल्या दहा-वीसच्या नोटांच्या गड्ड्या कामी आल्या. आम्ही सवलत देऊन किंमत दहाच्या पटीतच ठेवली होती, त्यामुळे सुट्यांची कटकट झाली नाही.

एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी आली. 'उचल्या' उघडून उभ्या उभ्या वाचू लागली. पंधरा मिनिटे झाली, अर्धा तास झाला. हे कोपऱ्यातून चुळबुळत होते, माझ्याकडे बघत होते. मी मान हलवून नाही म्हटले. मुलीने पुस्तक जागेवर ठेवले, पानाचा आकडा मनाशी पुटपुटली आणि गेली. "बघितलेस?" यांनी खुणेने विचारले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा आली आणि पुन्हा वाचून गेली. दुपारी परत आली ती तीन मैत्रिणींना घेऊन. चौघींनी मुठीतल्या नोटा टेबलावर मांडल्या. "काका, आम्ही मिळून घेतो. एकेकीकडे आठ-आठ दिवस." यांनी पैसे मोजले आणि त्यांतली एक नोट परत दिली. बिलावर काय नाव लिहू म्हणून विचारले तर चौघी एकदम बोलल्या. यांनी चारही नावे लिहिली.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. हे बिलावर नावाबरोबर गावही लिहीत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी गर्दी ओसरल्यावर हे बिलबुक चाळता चाळता थबकले. किनगाव, हाडोळती, शिरूर ताजबंद, चाकूर, आणि अहमदपूर, अहमदपूर, अहमदपूर! आमच्याच गावची, आमच्याच तालुक्यातली माणसे! तेवढ्यात एक गुरुजी चरित्रे चाळीत होते, त्यांना यांनी विचारले, "आपण कुठले?"

"अहमदपूरचा. तुम्ही?"

यांनी दुकानाचे नाव सांगितले. गुरुजी चकित होऊन म्हणाले, "अहो, मी रोज तुमच्या दुकानावरून जातो! तुमच्याकडे ही पुस्तके असतात होय? मला वाटले, नुसती गाइडेच."

हे काही बोलले नाहीत. मी मात्र यांचा चेहरा पाहिला. तीस वर्षे ज्या कपाटाला हे कुलूप लावीत आले, ते गाइडांच्या थप्पीआड होते. काच पुसलेली, पण कपाट बंद. वाचणारी माणसे रोज दारावरून जात होती, आणि आम्ही म्हणत होतो, लोक वाचत नाहीत!

तीन दिवसांचा हिशेब असा. पुस्तके गेली तीनशे बहात्तर. गाळ्याचे भाडे, टेम्पो, हमाली, चहापाणी सगळे वजा जाता हाती उरले चार हजार तीनशे रुपये. ही काही लाखांची उलाढाल नव्हे. तीन माणसांची तीन दिवसांची मजुरी धरली तर नफा कुठे राहतो, हेही मला कळते. पण करार खर्च निघण्याचा होता, आणि खर्च निघाला होता. मुलाला फोन केला तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "ठीक आहे, बाबा. राहू द्या कपाट."

"नाही," हे म्हणाले. "कपाट काढतोय."

माझ्या छातीत धस्स झाले. घरी आल्यावर यांनी स्क्रू काढून कपाटाची काचेची दारेच उतरवली. ती अजून माळ्यावर पडली आहेत. उघडी फळी दुकानाच्या पुढल्या अंगाला आणली, गाइडे मागे गेली, आणि बाहेर ओट्यावर एक बाकडे टाकले. बसा, चाळा, ठेवून द्या, कोणी काही म्हणणार नाही. पुस्तके मळतात, हे खरेच. चार-दोन चोरीलाही गेली. पण ते गुरुजी आता महिन्याला एक पुस्तक नेतात, आणि त्यांच्यामागून त्यांच्या शाळेतली पोरे येतात. मोबाइलच्या कव्हरांइतका पैसा त्यात नाही. दुकान मात्र चालू आहे, आणि मुलाने पुन्हा विषय काढलेला नाही.

मावशींना आम्ही लुगडे देऊ केले. त्यांनी ते घेतले नाही. "मला माळेगावात शेजार द्या," म्हणाल्या. म्हणून त्या मार्गशीर्षात आम्ही माळेगावला गेलो. मावशींच्या बांगड्यांच्या दुकानाला लागून एक बाज टाकली आणि तिच्यावर पुस्तके मांडली. एका बाजूला चुड्यांची किणकिण, दुसरीकडे तमाशाच्या फडातली ढोलकी, आणि मधे आमचे हे, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगताहेत, "घ्या हो हातात, बघा तर! न घेतलेत तरी चालेल." बायका एका हातात बांगड्या भरून घेत आणि दुसऱ्या हाताने लेकरासाठी गोष्टीचे पुस्तक उलटून बघत. दोन दिवसांत चाळीस पुस्तके गेली.

त्यानंतर संमेलन वर्ध्याला गेले, अमळनेरला गेले, २०२५ साली थेट दिल्लीला गेले. आम्ही काही तितक्या लांब गाळा घेऊन गेलो नाही. पण तुमच्यापैकी कितीतरी जणी दिवाळीच्या आधी प्रदर्शनात फराळाचे, पणत्यांचे, भरतकामाचे टेबल मांडतात. त्यांना आमच्या मावशींची चौथी गोष्ट सांगावी, म्हणून हा एवढा पसारा. सुटे पैसे न्या, सावली बघा, गडद कापड अंथरा. आणि टेबलाच्या मागे फौजदारासारख्या उभ्या राहू नका. माल हातात घेऊ द्या, आणि तो न घेताच कोणी निघाले तर हसून पाठवा. आमच्या गाळ्यावर ती मुलगी दोनदा रिकाम्या हाताने गेली होती.